पान सदतीस

नाताळच्या सुट्टीत आमचं वाचनालय
एका कार्डावर तीन पुस्तकं देतं.
नळ स्टॉपच्या मागे, पहिला मजला,
जिन्यात चपलांचा ढीग आणि वर पाटी:
'पुस्तकांची पाने दुमडू नयेत. आम्हाला कळते.'

कार्ड अजून आईच्याच नावावर आहे.
सहाशे बारा.
मोघेबाई दर डिसेंबरला म्हणतात, बदलून घ्या एकदाचं.
मी दर डिसेंबरला म्हणते, हो, जानेवारीत.

येताना हरभऱ्याची एक जुडी, कोपऱ्यावरच्या गाडीवरून.
म्हात्रे पुलावर वारं असं लागतं
की कानटोपी विसरलेल्या माणसाला
आपल्या कानांचा नेमका आकार कळतो.

घरी निहारचं हॉस्टेलहून आलेलं गाठोडं मशीनमध्ये गरगरतंय
आणि तो स्वतः दुपारपासून झोपलेला.
मी दिवाणावर सोलापुरी चादर टाकते, वर दुलई.
हरभरा सोलायला वाटी. टरफलांना कालचा पेपर.
दुलईबाहेर एकच हात.
तो गारठला की दुसरा.

आई तर हातही काढायची नाही,
पान नाकाने उलटायची.
खोटं वाटेल. पाहिलंय मी.

आणि वाचून झालं की सदतिसाव्या पानावर,
आकड्याच्या खाली,
पेन्सिलीचा एक ठिपका.
तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून.
सदतीसच का?
'पहिल्या पानावर काय, कुणीही खूण करतं.'
ठिपक्याला शेपूट असेल तर:
वाचलं, पण शेवट फसला.

ती गेली त्याला चार हिवाळे झाले.
आता मी पुस्तक निवडते ते मांडणीसमोर उभी राहून,
थेट सदतीस उघडून.
ठिपका दिसला की घेते.
तिने नेमकं जे टाळायला तो काढला होता, ते.

मागच्या वर्षी लक्षात आलं,
ठिपक्याशेजारी कधीकधी एक त्रिकोण असतो.
हिरव्या शाईचा, पट्टीने काढावा इतका सरळ.
मोघेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
'हे कारखानीस. खडकीला फॅक्टरीत होते.
तुमच्या आईंचा ठिपका बघितल्याशिवाय पुस्तक न्यायचे नाहीत.
शेपूट असलं तर परत ठेवायचे.'
भेटले होते का दोघं?
'छे. ते रविवारी यायचे, त्या गुरुवारी.'

मी जिना उतरले आणि
रिक्षा करायचं विसरून घरापर्यंत चालत आले.

यंदाच्या तिनातलं शेवटचं पुस्तक जाड.
शिवण सुटलेली, वास जुन्या डिंकाचा.
सदतिसावर ठिपका. शेपटासकट.
बाजूला, तरीही, त्रिकोण.
म्हणजे या एका पुस्तकापुरतं
कारखानिसांनी आईचं ऐकलं नव्हतं.

रात्री बारापर्यंत मी मधल्या पानांत होते.
खालच्या मजल्यावरच्या डिसोझांच्या गच्चीतला कागदी तारा
वाऱ्याने स्वतःभोवती फिरत होता,
थोडा लाल, थोडा पांढरा, पुन्हा लाल.
निहार उठून आला, वाटीतला हरभरा संपवून
'अजून जागीच?' म्हणत
दुलईचं दुसरं टोक ओढून बसला.
थोड्या वेळाने पाहिलं तर फोन उताणा पडलेला
आणि तो माझ्या खांद्यावरून वाचतोय.
'थांब,' म्हणाला, 'उलटू नकोस.'
मला थांबावं लागलं.
किती वर्षांनी कुणासाठी तरी पानावर थांबले.

दोन वाजून गेले तेव्हा शेवट आला.
बाई स्टेशनवरून परत फिरते.
कुणाला काही सांगत नाही.
घरी येऊन दिवा लावते, तांदूळ निवडायला घेते. बस.

आईला हे पटणार नाहीच.
तिला निदान एक पत्र हवं होतं, एखादं रडणं,
कुणीतरी दार ठोठावणं.

मी पेन्सिल शोधली. टोक नव्हतं,
विळीवर काढलं.
सदतीस उघडून, तिच्या ठिपक्याखाली
माझा ठिपका.
शेपूट न काढता.

निहार जांभई देत म्हणाला, हे काय?
म्हटलं, मतदान.
दोन विरुद्ध एक.
तू झोप, तुझं मत उद्या विचारते.