सुगतच्या फाईलमधला झिरो माइल

रात्रीचे पावणेदोन. त्रिमूर्ती नगर, दुसरा मजला,
खाली टाइल्सचं दुकान.
सर्व्हरला एसी, मला कूलर, हा इथला नियम,
आणि मे महिन्यात कूलरही वाफच फेकतो.

स्क्रीनवर एक गाव बुडतंय.
कुठल्यातरी तेलुगू सिनेमातलं, नाव मला कुणी सांगितलं नाही,
कागदावर फक्त शॉट एकशे सात.
सहा सेकंदांचा पूर. एका फ्रेमला चार मिनिटं.
या हिशेबानं गाव बुडायला
उद्याचे साडेअकरा वाजतील.

फाईल सुगत गजभियेची. तो गेला हैदराबादला,
मागे तीनशे बारा लेयर ठेवून,
आणि प्रत्येकाच्या पोटात दोन-चार ओळी कोड.
फांदी, पत्रा, गवताची पेंढी, कोंबड्यांचं खुराडं,
सगळं एका न दिसणाऱ्या बिंदूला बांधलेलं.
बिंदूचं नाव त्यानं ठेवलं: झिरो माइल.
वर शेरा: हात लावू नको, सगळं गाव पडेल.

मी एकेक उघडत गेले.
फांदी विचारते, झिरो माइल, तू कुठे?
पत्रा विचारतो, तू कुठे?
फ्रेम सरकते, पुन्हा तीनशे बारा तोंडं.
फेसाचं तर विचारूच नका.
त्याला आपली जागा कळायला आधीच्या फ्रेममधली हवी,
तिला तिच्या आधीची,
म्हणजे एकशे चाळिसाव्या फ्रेमवरचा एक बुडबुडा
शून्यापर्यंत चालत जातो, चालत परत येतो,
आणि पुढच्या फ्रेमला सगळं विसरून पुन्हा निघतो.
जिल्हा परिषदेत बाबांच्या पेन्शनची फाईल अशीच फिरायची.

झिरो माइलच्या कीफ्रेम शोधल्या.
एकही नाही.
पुरे सहा सेकंद तो तिथेच,
एका पिक्सेलनंही हलला नव्हता.

सुगतला फोन लावला. जागाच होता, तिकडेही रेंडर.
"कायले जीव काढून राह्यली? बेक करून टाक नं."
"मग तू काऊन नाही केलं?"
थोडा वेळ नुसता त्याच्या पंख्याचा आवाज.
"मले वाटे, डायरेक्टर हलवन."

बेक केलं.
प्रश्न गेले, जागेवर आकडे आले,
टाइमलाइनवर बारीक शंकरपाळे, एकाला एक चिकटून.
फ्रेम नऊ सेकंदांत.
पूर तसाच वाहत होता,
फक्त आता कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

साडेतीनला गाडी काढली.
झिरो माइलपाशी सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत होता.
दगडी घोडे, खांब, पायथ्याशी गावांची नावं, पुढे मैल.
कुणीतरी एकदाच मोजलं, कोरलं, निघून गेलं.
हैदराबादचा आकडा अंधारात वाचता आला नाही.
बेझनबागेत आई जागीच.
रोज एक वाजता तिचा फोन: निघाली का?
रोज माझं: निघतेच.
आज मी उचललाच नव्हता.

सकाळी हातात तर्री-पोह्यांची प्लेट,
मोनालीताईंचा मेसेज:
क्लायंट खूश. फक्त पूर जरा डावीकडे घ्या.

आता तीनशे बारा घरी जाऊन
एकेकाला सांगायचं का, बाबा रे, सरक?
जुनी फाईल मी पुसली नव्हती.
उघडायलाच सहा मिनिटं.
झिरो माइल धरला, दोन बोटं डावीकडे ओढला,
आणि हात बाजूला घेतला.

फांदीनं विचारलं.
पत्र्यानं विचारलं.
खुराड्याला जरा वेळ लागला.
बुडबुडा शून्याकडे निघाला होता,
पंखे घरघरत होते,
मी खाली वाकून कूलरमध्ये पाणी ओतलं.