शुक्रवारी सहा ते सात

ऑक्टोबर ते एप्रिल काही प्रश्नच नसतो.
कुओपिओत सगळ्यांच्याच डोक्यावर लोकर.
बस चालवताना आरशात दिसतात
ओळीनं टोप्या, टोप्यांखाली नाकं,
आणि मी त्यांच्यातलीच एक.
अवघड जातो तो उन्हाळा,
रात्री अकरालाही न मावळणारा,
काही म्हणजे काही झाकू न देणारा.

पहिल्यांदा गेलं ते कानामागचं, नाण्याएवढं.
मग दुसरं नाणं. मग पाकीट फाटून
चिल्लर सांडावी तसं.
शेवटी भुवया गेल्या
तेव्हा कळलं त्या कशासाठी असतात:
घाम थेट डोळ्यांत उतरतो.
मला वाटायचं, नाराजी दाखवायला.

आईचा रुमाल बांधून पाहिला,
गाईंच्या धारा काढताना ती बांधायची तो, निळ्या ठिपक्यांचा.
दुकानात रांगेतल्या माणसानं मला पुढे जाऊ दिलं
नजर खाली घालून,
अंत्ययात्रेला वाट द्यावी तसं.
सांगणार होते, अहो, तसलं काही नाही,
नुसते केस गेलेत, बाकी मी ठणठणीत.
पण हातात गारठलेले मासे होते, पाय दुखत होते.
गेले पुढे.
ती चोरी अजून माझ्या नावावर आहे.

मग टोप. इस्पितळाची चिठ्ठी, वर्षाला एक.
खोक्यावर तिचं नाव छापलेलं: सबीना.
मध्यम तपकिरी, भांग डावीकडे.
माझा जन्मभर उजवीकडे होता.
रात्री ती काकडीच्या रिकाम्या बरणीवर बसते.
एकदा ओव्हन उघडला आणि तिच्या पुढच्या बटा
आकसून कुरकुरीत झाल्या.
तेव्हापासून पाव भाजताना मी बोडकी.

जानेवारीत बस घसरून खड्ड्यात कलंडली.
पोलीस मोजणी करून म्हणाला,
कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही.
मी दोन्ही हातांनी टोपी धरून उभी.
हसू आलं, ते थांबेचना.
त्यानं माझ्या खांद्यांवर चंदेरी ब्लँकेट टाकलं.

सौना मात्र टाळत होते. दोन वर्षं.
इमारतीच्या तळघरात, शुक्रवारी सहा ते सात, बायकांची वेळ.
कधी सर्दी, कधी शिफ्ट, कधी गुडघा.
सबीना तिथे वितळेल,
रुमाल भिजला की डोक्याचा आकार सांगत सुटतो.
शेवटी सप्टेंबरात नमद्याची टोपी आणली,
राखाडी, कानांवर येणारी.
तिथे ती घालतातच; कोण विचारतंय.

वरच्या फळीवर हिल्का होती, चौऱ्याऐंशीची,
मनुक्यासारखी सुरकुतलेली, पाय हलवत.
दगडांवर पाणी. चर्रर्र.
वाफ आधी छताला, मग आमच्याकडे.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिनं हात पुढे केला:
"टोपी दे गं जरा. कान भाजतायत माझे."

मी पाहिलं. कान खरंच लाल होते.
दिली.

वाफ टाळूवर उतरली
आणि दोन वर्षांत पहिल्यांदा
माझ्याखेरीज कुणीतरी माझ्या डोक्याला हात लावला.
हिल्कानं बघितलं की नाही, ठाऊक नाही.
टोपी तिच्या नाकापर्यंत आलेली.
"यंदा बर्फ लवकर," एवढं म्हणाली
आणि बर्चच्या डहाळ्यांची जुडी
माझ्या पाठीत सणसणीत हाणली.

टोपी तिनं परत केली नाही.
विसरली असेल. नसेलही.
तीन मजले तशीच चढले, ओल्या चपलांनी.
जिन्यात कुत्रं भेटलं, हुंगून गेलं.
त्यामागचा पोरगा नेहमीसारखाच मोबाइलमध्ये.

घरी बरणीवर सबीना,
माझ्याकडे पाठ करून.
म्हटलं, रुसू नकोस,
पहाटे पाचची गाडी आहे आपली.
बाजारचौकातले तुलाच ओळखतात.