पाऊण सेकंद

भांडायलाच उतरलो होतो तळघरात.
रात्रीचे अकरा, बाहेर डेट्रॉइटचा जानेवारी,
आणि वर फडताळात कपबश्या दात वाजवत होत्या.
भट्टीशेजारी त्याचं टेबल, टेबलावर सोळा रबरी बटणांची पेटी,
आणि एक जुनी रेकॉर्ड,
मॅक अ‍ॅव्हेन्यूवर दोन डॉलरला मिळालेली.
कव्हरवर नाव: व्हर्डेल पेटवे.
हे तिचं माहेरचं नाव. ट्रेमेनला कुठून कळणार,
तो भाडेकरू होऊन आला तेव्हा तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.
मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत,
बास गिटार: मी. तेही चुकीचं छापलेलं.

आयत्या बिळावर नागोबा, म्हटलं.
बीळ आम्ही खणलं, नखांनी. बघ ही बोटं.
तू काय वाजवतोस? बटण?
बटण मीही दाबलंय, तेवीस वर्षं, कारखान्यात प्रेसवर,
दर दाबण्याला गाडीचं एक दार निघायचं.
कुणी टाळ्या नाही वाजवल्या.

तो काही बोलला नाही.
ठोका बंद केला, आणि उरलेलं ऐकवलं.

गाणं त्याने टाकून दिलं होतं.
ठेवला होता फक्त कडव्याआधी तिने घेतलेला श्वास.
पाऊण सेकंद.
स्टुडिओचं भाडं तासावर होतं,
म्हणून कापायचा राहून गेलेला.

त्या खोलीत मी होतो. हातभर अंतरावर.
पुढच्या सुराची वाट बघत होतो,
म्हणून हा मला ऐकूच आला नव्हता.

अकरा रात्री झाल्या, ट्रेमेन म्हणाला, बसतच नाहीये.
ठोक्यावर ठेवला तर धाप वाटते,
मागे ठेवला तर हुंदका.

मी वॉशिंग मशिनवर बसलो.
तो परत परत लावत होता.
ती परत परत गाणार होती,
गात नव्हती.

हे संगीत आहे का, मला विचारू नका.
शनिवारी त्या गोदामात चारशे पोरं
तिच्या श्वासावर नाचतील,
एकालाही तिचं नाव ठाऊक नसेल,
हे अजून घशाखाली उतरत नाही.
पैशांचं विचारलं, तर तो जमिनीकडे बघू लागला.
आणि माझा उजवा पाय हलत होता.
मी त्याला सांगितलं नव्हतं.

बास उशिरा येतोय, म्हटलं शेवटी.
किती?
केसभर.
त्याने काहीतरी फिरवलं.
आता लवकर आला. अर्धा केस.
भट्टी पेटली, घरघरली, विझली.
आता?

तिने श्वास घेतला,
आणि मी बोट वर केलं,
तिला करायचो तसं,
कडव्याच्या आधी.