रेनातोचे कान

माझा फोन एका घराण्यातला,
कानात घालायच्या या पांढऱ्या बिया दुसऱ्या.
बाजारातला झुरा म्हणाला, जुळतील,
पण मनापासून नाही.
डबीच्या पाठीवरचं बटण दाबून धर,
दिवा लुकलुकला की फोनला म्हण, शोध.

फोनने शोधलं. मग मलाच विचारलं:
रेनातोशी जोडू का?

कोण रेनातो?

लामाराने बारीहून पाठवलेल्या खोक्यात
पास्ता होता, चार साबण, एका मापाने लहान बूट,
आणि बुटाच्या आत, मोज्यात गुंडाळलेली, ही डबी.
तिथे कुणी रेनातो आहे असं
सहा वर्षांत ती कधी बोलली नव्हती.

विचारलं तेव्हा इतकी हसली
की ओत्ताविया बाई जाग्या झाल्या.
अरे, बाईंचा नातू! एकोणीस वर्षांचा.
त्याने नवे घेतले, जुने मला दिले, मी तुला.
नाव बदलून टाक की.

झुरा म्हणतो, नाव बदलायला
त्यांच्याच घरचा फोन लागतो.
आपण नुसतं वापरायचं.

म्हणून कुताइसीत, रोज पहाटे चारला,
कणीक फुगून पातेल्याबाहेर डोकावू लागली
की मी डबी उघडतो
आणि पिठाने माखलेली काच जाहीर करते:
रेनातो जोडला गेला.
गोचा मान वर न करता विचारतो, आला का तो?
आला, म्हणतो मी.
मग आम्ही तिघं पाव लावायला घेतो.

लामारा रात्री बोलून ठेवते, बाईंच्या उशाशी बसून.
अकरा मिनिटं, कधी सतरा.
बाईंनी आज किती चमचे सूप घेतलं,
समुद्राचा वास खिडकीच्या पडद्यात कसा मुरलाय,
तिथल्या पावाला नुसतीच साल आहे, जीव नाही.
मी होडीसारखा लांबट गोळा ताणतो,
कमरेपर्यंत भट्टीत वाकतो,
आतल्या भिंतीवर थापटतो, बाहेर येतो.
वाकण्याआधी बिया काढून खिशात टाकाव्या लागतात,
नाहीतर वितळतील.

घरच्या फोनपाशी असत्या तर म्हणे
कानातून काढताच गप्प झाल्या असत्या.
इथे त्यांना पत्ताच लागत नाही.
ती बोलतच राहते, एप्रनच्या खिशात,
काड्यापेटीशी, सुट्ट्या नाण्यांशी.
माझ्या बायकोची निम्मी कहाणी
माझ्या खिशाला ठाऊक आहे.

किती जीव उरलाय, तेही ही काच सांगत नाही.
दोन उतरते सूर वाजतात, आणि शांतता.

आज साबणाचं बोलत होती.
बाईंना तो लिंबाचा आवडत नाही, म्हणून तुला पाठवला.
मग थोडं थांबली. आवाज खाली आणला.
म्हणाली, डॉक्टर काल येऊन गेले, बादरी.
बाई उन्हाळा काढणार नाहीत.
आणि त्या गेल्या, तर मी

दोन सूर.

फोनच्याच तोंडून ऐकता आलं असतं पुढचं.
पण खिडकीबाहेर रांग लागली होती
आणि रांगेत पहिली माझी सासू,
जिचे कान कुठल्याही घराण्याशी जुळतात.

डबी पिठाच्या पोत्यामागे तारेला लावली.
चाळीस पाव लावले त्या ‘तर मी’वर.
तर मी येईन.
तर मी दुसरी बाई बघेन, पगार बरा देणारी.
तर मी, बादरी, सवयीची झालेय इथल्या.
सतरावा पाव भिंतीवरून सुटून निखाऱ्यात पडला.
गोचा म्हणाला, हात कुठे आहेत तुझे?
सासू म्हणाली, लामाराचा काही निरोप?
साबण आवडला का, विचारतेय, मी म्हणालो.

साडेसात. रांग ओसरली.
हात धुतले, लिंबाच्या साबणाने.
डबी उघडली.
रेनातो जोडला गेला.

बोट वाक्याच्या तुटलेल्या टोकावर नेलं,
तिथे ठेवलं नाही.
मागे नेलं, बरंच मागे,
सुपाच्या चमच्यांपर्यंत,
आणि स्टुलावर बसलो. आज वाकायचं नव्हतं.