बाकी सर्व ठीक

सोमवार म्हणजे कपडे, न्हावी आणि घरी पत्र.
पुंता अरेनासला वारा असा की नाक्यानाक्यावर
माणसांना धरायला दोर बांधून ठेवलेत.
हे लिहिलं, आई. तुला हसू येईल म्हणून.
कोंडोरीचा टाय उडून थेट सामुद्रधुनीत गेला,
तेही लिहिलं.

आठवड्यात चौऱ्याण्णव दारं ठोठावली
आणि उघडली अकरा,
त्यातलीही बरीचशी कुत्र्याला आवरायला,
हे नाही लिहिलं.
एक कुत्रा आवरला गेला नाही, तेही नाही.
आणि रात्री कोंडोरी घोरायला लागला की मी
न्हाणीघरात जातो प्रार्थनेला,
टबाच्या काठावर बसतो, नळ ठिबकत असतो,
आणि बराच वेळ
नळच ऐकत राहतो,
हे तर कुठल्याच सोमवारी नाही.

छातीवर काळी पट्टी: एल्डर ह्यूलेट.
एल्डर म्हणजे वडीलधारा.
मी एकोणीस वर्षांचा, कोंडोरी वीसचा,
दोघांत मिळून एक धड मिशी नाही.

गुरुवारी दोन्या एर्मिंदाकडे.
तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
भिंतीवरची मरिया मला पुरेशी आहे, पोरांनो,
पण ओठ निळे पडलेत तुमचे, आत या.
चहा आम्हाला चालत नाही म्हटल्यावर
तिनं साखरेत निखारा बुडवला,
वर उकळतं पाणी ओतलं,
घर जळल्यासारखा गोड वास सुटला.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पाकीट माझ्या हातात दिलं.
मुलगा निबाल्दो, विगोच्या मासेमारी जहाजावर.
मी वाचलं, उच्चार चुकवत, कोंडोरी सुधारत गेला:
‘आई, मी बरा आहे. जेवण भरपूर.
थंडी विशेष नाही. सोबतची माणसं चांगली आहेत.
बाकी सर्व ठीक.’

‘ते जेवणाचं पुन्हा वाच.’
पुन्हा वाचलं.
ती हसली, चुलीत लाकूड सारलं.
‘थापा मारायला बापाकडून शिकलाय.
डाव्या हाताची दोन बोटं गेलीत त्याची यंत्रात,
शेजारणीचा भाचा सांगून गेला.
अक्षर बघ तरी, कसं आहे?’
अक्षर सरळ होतं. मी म्हटलं, सरळ आहे.
‘हं. उजवा हात आहे ना अजून.’

निघताना तिनं बाही धरली.
‘नाव काय तुझं? हे छातीवरचं नको.
आई हाक मारते ते.’
केंडल, म्हणालो.
आठ महिन्यांत पहिल्यांदा,
आणि मागं कोण उभा आहे असं वाटून
वळून बघणार होतो.
केन्दाल, ती म्हणाली. पुन्हा म्हणाली.

आज तुझं पत्र आलं, तीन आठवडे शिळं.
इथं लोकरी मोजे काढलेत,
तिथं बटाटे लावून झाले म्हणतेस.
लाल गाईला कालवड झाली.
यंदा पहाटे पाण्याचे पाइप ल्यूसिल हलवते,
चांगली हलवते, पोरगी ताकदीची निघाली.
बाबा ठीक आहेत.

एकदा वाचून मी घडी घातली होती.
मग उघडलं.
ते बाबांचं पुन्हा वाचलं.
ल्यूसिल चौदाची आहे, आई.
पाइप चाळीस फुटांचे आहेत.
बाबांनी आजवर ते कुणाला हातही लावू दिला नव्हता.

नवा कागद घेतला.
कुत्रा चावला होता, मार्चमध्ये, पोटरीला.
जखम भरली आहे, खूण राहील.
बाबांना काय झालंय ते सांग.
इतकंच. खाली नेहमीचं वाक्य लिहायला गेलो
आणि पेन तसंच धरून बसलो,
कोंडोरी दारात, कोट घालून,
पोस्ट बंद होईल म्हणाला.

तीन आठवडे जायला, तीन यायला.
एका हातानं दोर, एका हातानं पाकीट धरून
आम्ही चौक ओलांडला.