सत्तावीस जण

बेटावर नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
सातवीचे ओले हातमोजे
ग्रंथालयाच्या रेडिएटरवर वाळत पडलेत,
खोलीभर भिजल्या मेंढीचा वास.
अकरा मुलं, आठ संगणक,
आणि फळ्यावर माझ्या तिरक्या अक्षरात:
‘आमांडा’ गलबत बुडालं तेव्हा किती माणसं गेली?

मिनिटभरात कारेलचा हात वर.
एक्केचाळीस, बाई.
कुठून आणलंस?
पहिल्या पानावरून.
ते पहिलं का?
कारण ते वर आहे.
साय वर येते, म्हटलं. फेसही वर येतो.

मग बघा, कोणी लिहिलंय, कधी,
आणि कडेला काय विकतंय ते पान.
एक रबरी बूट विकत होतं, एक फेरीची तिकिटं,
एकाला लिहिणाराच नव्हता,
आपोआप उगवल्यासारखं होतं ते, भिंतीवरच्या बुरशीसारखं.

लीसबेटने सात पानं गोळा केली.
सातही ठिकाणी एक्केचाळीस.
पाचामुखी परमेश्वर, इथे तर दोन मुखं जास्तीच.
ती खूश. राहू दिलं मी तिला खूश, थोडा वेळ.
मग तिनेच पडद्याला नाक लावलं:
कप्तानाच्या आडनावातलं एक अक्षर
सातही पानांवर गळलेलं, त्याच जागी.
“बाई, हे सात जण नाहीत.
हा एकच आहे, टोप्या बदलून आलेला.”

ओट पाठीमागून म्हणाला, चौदा.
उन्हाळ्यात चर्चमागचं गवत तो कापतो.
यंत्र क्रुसापाशी अडतं, तिथे वाकून कात्री चालवावी लागते,
आणि चौदा वेळा वाकलेली पाठ
आकडा विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन गेलो.
चौदा.
पाळकांनी नोंदवही उघडली,
जुनी जर्मन लिपी, मुंग्यांची रांग पाण्यात सापडावी तशी,
दीड तास लागला आम्हाला नावं लावायला.
शेवटचं नाव स्वयंपाक्याच्या हाताखालच्या पोराचं. वय तेरा.
कारेलने टोपी काढली. तोही तेराचा.

मग एक्केचाळीस आले कुठून?
मागे मागे जात राहिली मुलं,
हे पान त्याचं ऐकून, ते पान ह्याचं ऐकून,
सांगोवांगीच्या ओल्या पायऱ्या उतरत,
तळाशी एक ओळ:
‘आधार: संग्रहालयाचं माहितीपत्रक, १९९८.’

ते पत्रक मला माहीत होतं.
मी एकोणीस वर्षांची, सुट्टीतली नोकरी,
खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं
आणि एक न् चार
माझ्या बोटांखाली जागा बदलून बसले.
कोणी विचारलं नाही. छापलं.

गप्प बसता आलं असतं.
कपाटाची किल्ली माझ्याचकडे असते.
पत्रक काढून टेबलावर ठेवलं,
गंजलेली पिन, मागे माझं नाव बारीक टाइपात.

तावी वर्षातून दोनदा बोलतो.
तो म्हणाला,
“म्हणजे उरलेले सत्तावीस जण तुम्ही बुडवलेत?”

हो, म्हटलं.

आधी कोणी हसलं नाही.
मग सगळीच हसली, मीही, डोळे पुसत.

सात पत्रं लिहिली मुलांनी, नोंदवहीच्या फोटोसह.
दोघांनी दुरुस्त केलं.
उरलेल्या पाच पानांवर अजून रोज रात्री
बुडतात माझे सत्तावीस जण,
ज्यांना आई नव्हती, बूट नव्हते, घरी वाट पाहणारं कुत्रं नव्हतं.
फेरीच्या धक्क्यावर कधी कधी
त्यांच्यासाठीही वाईट वाटतं.

लीसबेटच्या प्रकल्पात शेवटी आधारांची यादी आहे:
नोंदवही. चौदा क्रूस, स्वतः मोजले. ओटची पाठ.
आणि चौथा,
‘ग्रंथालयाच्या बाई, तोंडी.
पूर्वी एकदा चुकल्या आहेत.’