दुसऱ्या ओळीतला तिसरा

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर चिकटवले
वीस चौकोन, पाच-पाचच्या चार ओळी,
आणि कडेने निळ्या पेनाने आकडे टाकले.
म्हणाल्या, दोन दिवस अंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही.
बाई, मे महिना आहे, म्हणालो.
त्यांनी नुसतं पंख्याकडे बघितलं.

पारोळ्यापर्यंत एसटीत मी ताठ बसून आलो
नवरदेवासारखा, पाठ न टेकता.
शेजारचा म्हणाला,
भो, टेकी ले ना, सीट तुनीच शे.

आमच्या नानांनी चाळीस वर्षं
वस्तरा, तुरटी आणि वाटीतलं पाणी एवढ्यावर गाव भादरलं.
त्यांची बोटं शेवटपर्यंत साबणाने मऊ होती.
मी दुकानाला काच लावली,
फिरती खुर्ची आणली,
आणि काळा रंग. पुडीतला, कालवायचा.

लग्नसराई सरली तशी निवडणूक लागली.
अकरा उमेदवार.
अकरांच्याही मिशा मीच काळ्या केल्या.
रंग चढायला अर्धा तास लागतो,
तेवढ्यात प्रत्येकाने मला आपला विजय समजावून सांगितला
आणि मी मान हलवत
टॉवेलाखाली बोटांच्या बेचक्या खाजवत राहिलो.

आधी वाटलं डास असेल.
मग पाण्याचे बारीक फोड आले,
मग भेगा.
भरिताचा घास उचलला की
तोंडाच्या आधी हाताला तिखट लागायचं.
रत्नाने कोरफड लावली, खोबरेल लावलं,
बिब्बा सोडून सगळं लावलं.
कुणी म्हणालं रक्त बिघडलंय, कडुनिंब पी.
हिलाल अण्णा माझे हात बघून म्हणाले, आज घाई आहे,
आणि समोरच्या दुकानात तासभर बसले.
काचेतून दिसत होते.

चौथ्या दिवशी बाईंनी पाठ वाचली.
एकोणीस चौकोन कोरे.
दुसऱ्या ओळीतला तिसरा
लाल, फुगलेला,
बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळेल असा.
हा तुमचा काळा रंग, म्हणाल्या.
आता जन्मभर शिवायचा नाही.
कातडी एकदा शिकली की विसरत नाही.
मी सातवीत दोनदा बसलेला माणूस,
म्हटलं, बाई, ही कातडी नक्की माझीच ना?

त्या हसल्या नाहीत. हातमोजे लिहून दिले.

मोज्यातून डोकं कळत नाही.
भोवरा कुठे वळतो, जुनी खोक कुठे आहे,
नाना म्हणायचे, कात्रीच्या आधी बोटं जाऊ दे.
आणि गिऱ्हाईक म्हणतं,
काढ रे ते रबर, मढ्याला हात लावल्यासारखं वाटतं.
मी काढत नाही.
कधी कधी काढतो.

रेशनच्या दुकानात मशीन म्हणालं, पुन्हा अंगठा ठेवा.
पुसून ठेवला. फुंकर घालून ठेवला.
मग तर्जनी, मग मधलं बोट,
मागे रांग चुळबुळायला लागली.
राजमल शेठ मिशीवरून हात फिरवत म्हणाले,
लेका, दहांतलं एक तरी तुझं आहे का?
मिशी काळीभोर होती,
गुरुवारीच केलेली.
माझा अंगठा त्या मिशीत होता, मशीनला काय सापडणार.

शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली
आणि हिरवा दिवा लागला.
त्या बोटाने मी आयुष्यात काही कमावलेलं नाही.
कानामागचे केस काढताना
गिऱ्हाइकाचा कान तेवढा दुमडून धरायचो तिने.

तिच्यावर वीस किलो धान्य मिळालं.
घरी येऊन
तिला एकटीला खोबरेल लावलं.
बाकीची नऊ बघत होती.